सांगायचा भाव, घ्यायचा भाव

सोमवार, ३ फेब्रुवारी

पुन्हा तेच! जेवायला बसतो न बसतो तोच आबा म्हणाले, "काय म्हणतोय तुझा आकडा? कांदा स्वस्त झाला की नाही अजून?"

आबा म्हणजे माझे सासरे. अख्ख्या गल्लीचे आबा. कारखान्याच्या युनियनचे निवृत्त पुढारी — निवृत्त नोकरीतून, पुढारीपणातून नाही.

म्हटलं, "आबा, आकडा माझा नाही. सरकारचा आहे."

"सरकार बाजारात जातं का? तू जातेस."

इतकी वर्षं हेच काम करतेय. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या दुकानांत जायचं, ठरलेल्या वस्तूंचे भाव विचारायचे, टॅबमध्ये भरायचे. तांदूळ, तेल, कांदा, साबण, चपला, पुरुषांचे केस कापणं. अशा भावांतून शहराच्या महागाईचा आकडा निघतो आणि त्या आकड्यावर कारखान्यातल्या माणसांचा महागाई भत्ता ठरतो. आकडा वर गेला तर भत्ता वर. आकडा जागचा हलला नाही तर भत्ताही जागचा हलत नाही. ही अट आबांनीच तरुणपणी संप करून मिळवली. त्याची गोष्ट मला आता झोपेतही म्हणता येईल. आणि आता माझा नवरा त्याच कारखान्यात, त्याच भत्त्यावर, आणि भत्ता काही केल्या वाढत नाही. म्हणजे अट सासऱ्यांची, भत्ता नवऱ्याचा, आकडा माझा — आणि तिघं एकाच टेबलाशी जेवायला!

"बाजारात धावते आणि तुझ्या टॅबमध्ये शिरली की झोपते — अशी कशी ही महागाई?" इति आबा.

हे मान खाली घालून जेवत होते. नेहमीप्रमाणे.

लेक म्हणाली, "आई, मला एकदा तुझ्या त्या बाजारात घेऊन चल ना. जिथे सगळं स्वस्त असतं."

सगळे हसले. मीही हसले. मग भांडी जरा जोरातच घासली.

बुधवार, ५ फेब्रुवारी

फेरीचा दिवस. बाजारात गेलं की मात्र जीव शांत होतो. तिथे कोणी मला टोमणे मारत नाही. किराणावाले शेठ गल्ल्यावरून उठून "या ताई, या" म्हणतात. नको म्हटलं तरी चहा येतोच. भाजीवाली मावशी समोरचं गिऱ्हाईक ताटकळत ठेवून मला आधी भाव सांगते. न्हाव्याच्या दुकानात पूर्वी मी पाऊल ठेवलं की फेस लावून बसलेले पुरुष दचकायचे. आता न्हावीच वस्तरा हातात घेऊन दारात येतो. "केस तेवढेच, ताई. दाढी तेवढीच." झालं काम!

ऑफिसातल्या बाकीच्यांचं रडगाणं मला कळतच नाही. दुकानदार उभं करत नाहीत म्हणे, घ्यायचं नसेल तर पुढे व्हा म्हणतात. म्हणणारच! शेजारच्या टेबलावरचा एरंडेल बघा ना. त्याचं खरं नाव घ्यावंसंही वाटत नाही, चोवीस तास एरंडेल प्यायल्यासारखं तोंड. दुकानात शिरतो आणि "भाव?" एवढंच विचारतो. नमस्कार नाही, चमत्कार नाही. अरे, दोन शब्द गोड बोलायला काय पैसे पडतात?

माझा एक नियम आहे. ज्या दुकानांतून भाव घेते तिथून मी काडीही विकत घेत नाही. ओळखीत व्यवहार नको. घरचा बाजार आबा करतात, रोज सकाळी पिशवी घेऊन.

शनिवार, ८ फेब्रुवारी

हे केस कापून आले. किती दिले ते ऐकून मी उडालेच.

"कुठे गेला होतात?"

"नेहमीच्याच ठिकाणी."

"शक्य नाही. बुधवारीच मी भाव घेतलाय. कमी आहे."

"अगं, दिले तेवढे सांगतोय."

"मग डोक्याला मालिश करून घेतलं असेल."

"नाही."

"मग सुटे परत घ्यायला विसरला असाल."

"नाही गं."

या माणसाला खोटं बोलता येत नाही आणि खरंही धड पटवून देता येत नाही! आबांना तेवढंच हवं होतं. पेपरामागून आवाज आला, "ज्यानं तुला कमी भाव सांगितला ना, त्याच्याकडूनच पुढच्या वेळी याचे केस कापून आण."

खवचट!

रविवार, ९ फेब्रुवारी

आबांनी आणलेला कांदाही माझ्या आकड्यापेक्षा महाग. त्याच मावशीकडचा! म्हटलं, तुम्हाला घासाघीस जमत नाही. म्हणाले, पुढाऱ्यानं घासाघीस भाजीवालीशी करायची नसते, मालकाशी करायची असते. भाजी खारट झाली.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आज चौकात हा एवढा मोठा फलक! "देशातलं सर्वांत स्वस्त शहर — आपलं शहर!" शेजारी मंत्र्यांचा हात जोडलेला फोटो. मोठ्या शहरांत महागाई सगळ्यांत कमी आमच्याकडे वाढली म्हणे. निवडणूक तोंडावर आलीय, आता काय, फलकांना ऊत येणार. समोरच विरोधकांनी दुपारपर्यंत दुसरा फलक चढवला — "स्वस्त शहर दाखवा, बक्षीस मिळवा."

ऑफिसात साहेब लग्नघरातल्यासारखे मिरवत होते. "मॅडम, तुमच्या फेरीमुळे झालं हे! मंत्र्यांच्या हस्ते सत्कार होणार तुमचा." जणू काही मीच बाजारात उभं राहून भाव खाली ओढले! एरंडेलनं मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली. अभिनंदन तरी करशील की नाही, माणसा?

घरी येते तो आबा फुरफुरत बसलेले. युनियननं मोर्चा काढायचं ठरवलंय. तीन मार्चला. आमच्या ऑफिसवर!

"आबा, शहरात दुसरं ऑफिस नाही का?"

"खोटा आकडा तिथेच शिजतो."

"तिथे मी बसते!"

"सूनबाई, तुझ्यावर नाहीये मोर्चा. तू लिहितेस ते खरंच लिहितेस. वर कोणीतरी बसलाय, तो फिरवतो. त्याला शोधायचाय."

मी कितीदा सांगितलं, वर कोणी काही फिरवत नाही, मी भरते तेच जातं. ऐकतील तर शपथ! सूनही खरी आणि आकडा खोटा — दोन्ही यांना एकदम हवं. इतका विश्वास ठेवतात त्याचाही राग येतो कधीकधी.

सोमवार, १७ फेब्रुवारी

न्हाणीत पाय घसरला. घोटा सुजून टम्म. डॉक्टर म्हणाले आठवडाभर घरी. बुधवारच्या फेरीला माझ्याऐवजी कोण? एरंडेल! माझी इतक्या वर्षांची माणसं तो एका सकाळीत तोडून येणार.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

साहेबांचा फोन. आवाज चिरका.

"मॅडम, हे काय आहे? तेल वर, डाळ वर, कांदा वर, साबण वर. दाढीसुद्धा वर! एका फेरीत अख्खं शहर महाग झालं?"

एरंडेलनं भरलेले भाव. आमच्याकडे भाव तोच राहिला तर कोणी विचारत नाही. उडी मारली की मात्र कारण लिहा, पुन्हा जाऊन या, हे करा, ते करा. मी नवी होते, टेंपररी होते, तेव्हा एका भावानं अशीच उडी मारली म्हणून तेव्हाच्या साहेबांनी मला सगळ्यांसमोर झापलं होतं. घरी येऊन मी ढसाढसा रडले होते. आबांनी पाण्याचा पेला आणून हातात दिला होता. मग चप्पल घालून बाहेर गेले होते.

एरंडेलला फोन केला. "अहो, काय करून ठेवलंत?"

"विचारलं. त्यांनी सांगितलं. लिहिलं."

आणि ठेवला फोन! माणूस आहे की दगड!

साहेब म्हणाले, पाय बरा झाला की तुम्ही स्वतः जाऊन सगळे भाव पुन्हा घ्या आणि हा गोंधळ निस्तरा.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

राग आलाय की लाज वाटतेय, कोण जाणे.

लंगडत लंगडत बाजारात गेले. मावशीनं आधी स्वतःचं स्टूल दिलं. "किती वाळलात हो! बसा." कांद्याचा भाव विचारला. जुनाच सांगितला, तो माझा नेहमीचा. म्हटलं बघा, एरंडेलनं काहीतरी घोळच घातला होता. तेवढ्यात एक बाई आली. तिनंही कांदाच विचारला. मावशीनं माझ्यादेखत तिला चांगला चढा भाव सांगितला. त्या बाईनं तोंड वाकडं करून थोडे कमी कांदे घेतले आणि गेली.

"मावशी, तिला एक भाव आणि मला एक?"

"तिला घ्यायचे होते ना बाई."

"आणि मला?"

"तुम्ही कुठे घेताय! तुम्हाला आपला घरचा भाव."

"म्हणजे... नेहमी?"

"मग! तुम्हाला परक्यासारखा भाव कसा सांगू? काही लाज आहे की नाही मला?"

मी तशीच उठले आणि शेठकडे गेले. शेठनी लपवालपवीसुद्धा केली नाही. उलट त्यांनाच नवल वाटलं.

"ताई, नुसतं सांगण्यात आमचं काय जातं? तुम्ही विकत घेतलं असतं तर खरा सांगितला असता. धंदा आहे शेवटी."

"आणि परवा तो आमचा माणूस आला होता, त्याला?"

"त्याला खरा सांगितला. त्याला कशाला घरचा भाव? मी या म्हटलं तर हूं का चूं केलं नाही त्यानं."

तांदळाच्या पोत्यावर बसकण मारली मी. इतकी वर्षं मी गोड बोलत होते आणि ते गोड सांगत होते! ज्याच्याशी कोणी धड बोलत नाही त्याचा आकडा खरा, आणि माझा — माझा फलकावर!

"शेठ, अहो, या भावावर कारखान्यातल्या लोकांचा भत्ता ठरतो! तुम्ही मला कमी सांगता, तिकडे त्यांना कमी मिळतं. आणि तीच माणसं तुमच्याकडे येऊन अर्धा किलोच्या जागी पाव किलो घेतात."

शेठचा चेहरा उतरला. हा माणूस इतकी वर्षं माझ्या भल्यासाठी स्वतःचंच गिऱ्हाईक गरीब करत होता.

"असं आहे होय? मग आधी सांगायचं ना, ताई. आम्हाला वाटायचं, भाव कमी दिसला की तुमचं भलं होतं."

"असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी म्हणजे... जुनी गोष्ट आहे." आणि वजनकाटा पुसायला लागले. स्वच्छच होता.

चपलांच्या दुकानातही तेच. तेही वर मलाच म्हणतात, "बाकीच्यांना नाही हो असा सांगत!" न्हाव्याच्या दुकानाला कुलूप होतं. भाचीच्या लग्नाला गेलाय म्हणे.

रिक्षात बसून रडले. यांचे केस, आबांचा कांदा. घरातली दोन माणसं खरं सांगत होती आणि मी त्यांनाच वेड्यात काढत होते.

बुधवार, २६ फेब्रुवारी

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी दार लावलं, मग पंखा वाढवला.

"मॅडम, हे लेखी कुठे देऊ नका."

"मी खरे भाव भरणार आहे."

"भरा की! कोण नको म्हणतंय? पण हळूहळू. या महिन्यात थोडे, पुढच्या महिन्यात थोडे. पसरून टाका. वर्षभरात आपोआप खऱ्यावर येईल. निवडणूकही होऊन जाईल."

"आणि लोकांचा भत्ता?"

"तोही हळूहळू येईल. एवढी वर्षं थांबलेत, आणखी एक वर्ष. तुम्ही स्वतःचा विचार करा. सगळं एकदम भरलंत तर पहिला प्रश्न येईल, आधी कोण भरत होतं? चौकशी तुमची लागेल. आणि पुढच्या आठवड्यात सत्कार आहे तुमचा!"

काय पण सोय! खोटं एकदम चालतं, खरं मात्र हप्त्याहप्त्यानं. आणि सगळ्यांत चीड याची की तिथे बसल्या बसल्या दोन मिनिटं मला ते पटलंही होतं. नोकरी गेली तर? लेकीचं कॉलेज आहे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

बाहेर आले तर एरंडेल उभा. म्हणाला, "मी माझे भाव बदलणार नाही." आणि गेला. त्याच्याशी आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी गोड बोलावंसं वाटलं, तर थांबला नाही!

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

भरले. सगळे. खरे. कारणाच्या रकान्यात लिहिलं, "आतापर्यंत ओळखीपोटी भाव कमी सांगितले जात होते." आणि पाठवून दिलं. न्हाव्याचे केस-दाढी तेवढे राहिलेत, ते उद्या.

साहेब बोलायचे बंद झालेत. सत्कार पुढे ढकलला. म्हणजे गेला. चौकशीचं पत्र येईल म्हणे. येऊ दे.

ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे मी केसांचे दिले तेवढेच खरे होते ना?"

"हो."

"हं. बरं झालं."

एवढंच! बायकोची नोकरी टांगणीला आणि यांच्या डोक्यात अजून ते केसांचंच! मग उठून गेले आणि थोड्या वेळानं स्वतः चहा करून आणला. दूध विसरले होते. मी प्यायले तसाच.

आबांना अजून सांगितलेलं नाही. धीर होत नाही. ते भाषणाची तालीम करताहेत, आरशासमोर, चष्मा कपाळावर. "आपल्या ताटातला घास ज्यानं पळवला, त्याचं नाव मी भर चौकात घेणार आहे!" मग मला हाक मारून, "सूनबाई, तुझ्या ऑफिसातला कोण आहे तो? नुसतं नाव शोधून दे. बाकी मी बघतो."

मी म्हटलं, बघते.

शनिवार, १ मार्च

न्हावी परत आलाय. बाजारात सगळं त्याच्या कानावर गेलेलं. मला बघून वस्तरा खाली ठेवला. दुकानात दुसरं कोणी नव्हतं.

"ताई, चूक झाली असेल तर माफ करा. पण आम्ही आपल्या मनानं नाही केलं."

"मग कोणाच्या?"

तो खुर्चीकडे बघायला लागला. मी दोनदा विचारलं तेव्हा बोलला.

"आबा या खुर्चीत बसले होते. लई... फार जुनी गोष्ट. अर्धी दाढी झाली होती. म्हणाले, आमच्या सूनबाई नोकरीत नव्या आहेत. भाव वाढला की साहेब तिला रडवतात. जरा सांभाळून घ्या. मी शेठना सांगितलं, शेठनी मावशीला. संपाच्या वेळी आबांनी आमचं एकही दुकान फुटू दिलं नव्हतं, ताई. त्यांचा शब्द कसा मोडायचा?"

"पण इतकी वर्षं?"

"आता पुरे असं आबा कधी म्हणालेच नाहीत."

विसरून गेले असणार. एका संध्याकाळी सुनेचं रडणं बघवलं नाही म्हणून चार शब्द बोलून आले आणि विसरून गेले. बाजार नाही विसरला! स्वतः संप करून मिळवलेला भत्ता स्वतःच्याच एका वाक्यानं बांधून ठेवला, आपल्याच मुलाचा, आपल्याच माणसांचा. आणि तेच आता चोराचं नाव शोधताहेत.

केस-दाढीचा खरा भाव लिहून घेतला. घरी आले. आबांकडे बघवेना. त्यांनी विचारलं, पाय दुखतोय का? हो म्हटलं.

रविवार, २ मार्च

सकाळी आबा भाषणाचा कागद घेऊन आले. "मिळालं नाव?"

"मिळालं. माझं घ्या."

मग सांगितलं. मावशी, शेठ, घरचा भाव, सगळं. न्हाव्याचं तेवढं गाळलं. ते मी कधीच सांगणार नाही. आबा कागदाकडे बघत बसले. मी म्हटलं, "चुकले असेन तर भर चौकात माझंच नाव घ्या, आबा. मला चालेल."

आबा उठले आणि बाहेर ओट्यावर गेले. खिडकीतून आवाज येत होता. युनियनमधल्या कोणाशी तरी फोनवर बोलत होते, हळू आवाजात.

"नावाचं राहू द्या उद्या. आमच्या सूनबाई आहेत तिथे. जरा सांभाळून घ्या."